औषधाला दिलेला विसावा

हे लिहिण्याचा उद्देश मर्यादित आहे. रक्ताच्या कर्करोगाचा रिपोर्ट ज्याच्या हातात नुकताच पडला आहे आणि ज्याला डॉक्टरांनी रोज घ्यायची गोळी लिहून दिली आहे, त्याला याचा उपयोग व्हावा. गोळीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, ते डॉक्टरांनी द्यायचं असतं. आजार माझा आहे आणि चूकही माझीच आहे. त्या चुकीत माझे मामा भागीदार होते. त्यांच्याविषयी लिहू का, असं आधी विचारून घेतलं. ते म्हणाले, "लिही की. माझं नाव घालून लिही. न्हाईतर लोकांना वाटंल, डॉक्टरच चुकला."

निदान

२००३ साली मी शिरूरहून पुण्याच्या एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो. वय एकेचाळीस. कारेगावात कामगारांसाठी आरोग्य तपासणी शिबिर होतं. बातमीसोबत रक्त देतानाचा फोटो हवा होता. खुर्चीवर बसलेला कामगार कॅमेरा बघून उठला. "भैया, हमारा मत निकालो, गाँव में घबरा जाएँगे," असं म्हणून तो रांगेच्या शेवटी गेला. मग मीच बाही सरकवून बसलो आणि कॅमेरा आयोजकाच्या हातात दिला. फोटोत फक्त हात दिसतो. तो छापून आला.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाचा फोन आला. मशीन बिघडलेलं दिसतंय, पुन्हा रक्त द्यावं लागेल, असं तो म्हणाला. पांढऱ्या पेशी दहा-अकरा हजारांच्या आत असाव्या लागतात. माझ्या एक लाख चौसष्ट हजार आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. संध्याकाळी त्याने आकडा सांगितला नाही. "साहेब, मशीन बरोबर आहे," एवढंच म्हणाला.

त्याआधी चार महिने मला अर्ध्या भाकरीत पोट भरल्यासारखं वाटत होतं. डाव्या बरगडीखाली जड लागायचं. घामाने उशी ओली व्हायची. मी याचं कारण एसटीचा प्रवास आणि अवेळी जेवण असं ठरवून टाकलं होतं, कुणाला विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या बाबतीत एवढ्या पुराव्यावर मी बातमी दिली नसती.

पुण्यातल्या डॉक्टरांनी कमरेच्या हाडातून मज्जेचा नमुना घेतला. सुई टोचताना दुखत नाही, आतून ओढतात तेव्हा पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. ती अर्धा मिनिट टिकते. याहून जास्त घाबरायचं कारण नाही.

निदानाच्या दिवशी पत्नी मंगल सोबत होती. ती शिरूरला प्राथमिक शाळेत शिकवते. डॉक्टरांनी कागदावर दोन काड्या काढल्या. प्रत्येक पेशीत अशा तेवीस जोड्या असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणतात, असं सांगितलं. माझ्या एका पेशीत कधीतरी नऊ नंबरच्या काडीचं टोक आणि बावीस नंबरच्या काडीचं टोक तुटून एकमेकांना चिकटलं. त्या सांध्यावर एक नवीन जनुक तयार झालं. ते पेशीला सतत एकच हुकूम देतं, वाढ. ती पेशी वाढली, तिच्या लेकी वाढल्या. एक लाख चौसष्ट हजार हा आकडा असा तयार झाला होता.

मला हे लगेच कळलं. आमच्या कचेरीत पूर्वी छापील पट्ट्या कापून पानावर चिकटवत असत. एकदा लग्नसमारंभाच्या बातमीचं शेपूट दरोड्याच्या बातमीला लागलं आणि तसंच छापून गेलं. दोन्ही बातम्यांतला प्रत्येक शब्द बरोबर होता. चूक फक्त सांध्यात होती. माझ्या अंगातही सगळं साहित्य माझंच होतं.

मंगलने एकच प्रश्न विचारला, याला औषध आहे का. डॉक्टर म्हणाले, "पाच वर्षांपूर्वी विचारलं असतं, तर मला वेगळं उत्तर द्यावं लागलं असतं."

गोळी

रोज जेवणानंतर चार गोळ्या, मोठा ग्लासभर पाणी. एवढाच उपचार. केस गेले नाहीत, सलाईन नाही, वॉर्ड नाही. पाचव्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सात हजारांवर आल्या. बरगडीखालचा जडपणा गेला. मी पूर्ण दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मंगल ताटाकडे बघत बसली.

बहुतेक औषधं आधी सापडतात आणि ती का लागू पडतात ते नंतर कळतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. इथे क्रम उलटा होता. आधी तो सांधा सापडला. मग त्या जनुकाने बनवलेल्या प्रथिनात एक खाच सापडली. मग त्या खाचेत बसेल असा रेणू माणसांनी घडवला. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणी तरी कित्येक वर्षं एका खाचेचं माप घेत बसलं होतं आणि ती खाच शिरूरमध्ये माझ्या रक्तात होती. हे मी बातमीत लिहिलं असतं तर संपादकांनी भावनिक म्हणून कापलं असतं. पण घडलं तसंच.

दर महिन्याला पुण्याला जायचं. टोकन, रक्त, बाकावर दोन तास, मग डॉक्टर. बाकावर सगळे एकमेकांचे आकडे विचारतात. परीक्षेचे गुण विचारावेत तसे. एक नर्स होत्या, त्या माझ्या उजव्या हाताला कधी सुई लावत नसत. हा हात लिहायचा आहे, हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं.

त्रासही होता. सकाळी डोळ्यांभोवती एवढी सूज यायची की आरशात दुसराच माणूस दिसे. पोटऱ्यांत गोळे यायचे. मळमळ व्हायची. डॉक्टर दर वेळी दोन गोष्टी विचारत, त्रास किती आणि गोळी रोज घेता का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिले तीन महिने खरं होतं.

विसावा

भिवामामा माझ्या आईचे थोरले भाऊ. दौंड तालुक्यात खुटबावला राहतात. माझे वडील मी चार वर्षांचा असताना गेले. त्यानंतर मी मामांच्या मेंढरांमागे वाढलो. आठ महिने चालायचं, पावसाळ्यात परत यायचं. मामांनी मला वाटेतल्या एका आश्रमशाळेत घातलं आणि कळप घेऊन पुढे गेले. नंतर पाणी आलं तसं तेही शेतीवर स्थिरावले. आता मेंढरं दोनच आहेत, बाकी ऊस आणि मेथी-कोथिंबीर. त्यांना अक्षरओळख नाही. पण त्यांचा शब्द मी आजवर मोडलेला नाही.

आजाराचं कळल्यावर ते शिरूरला आले. गोळीची बाटली हातात घेऊन हलवून बघितली. रोज घ्यायची, हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. मेंढरांना जंताचं औषध लागोपाठ पाजत नाहीत, हे त्यांनी मला शिकवलं होतंच. लागोपाठ पाजलं की ते लागू पडेनासं होतं. मध्ये खाडा ठेवावा लागतो.

"औषिदाला दम दे," ते म्हणाले. "आवस आली की आठ दिस बंद. न्हाईतर आंग सरावतं आन् औषिदाचं पानी व्हतं."

मंगल म्हणाली, डॉक्टरांना विचारून तरी घ्या. मी म्हणालो, विचारतो.

विचारलं नाही. इथे मामांवर सगळं ढकलणं सोपं आहे, म्हणून नेमकं लिहितो. अमावस्येच्या पहिल्या खाड्यात तिसऱ्या दिवशी डोळ्यांची सूज उतरली. पाचव्या दिवशी मळमळ थांबली. मला ते आठ दिवस हवेसे वाटले. औषध अंगवळणी पडू नये हे मामांचं कारण होतं. माझं कारण एवढंच होतं की बरं वाटत होतं. उरलेल्या गोळ्या मी कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवत गेलो. मंगलला त्या दिसल्या. त्यानंतर तिने माझ्या रिपोर्टच्या फाइलला हात लावला नाही. महिनाभर आम्ही शाळेचं, पाण्याचं, गॅसचं बोलत होतो. आजाराचं बोलत नव्हतो.

प्रत्येक भेटीत डॉक्टर विचारत, रोज घेता ना. मी हो म्हणत असे. ते फाइलवर लिहीत, नियमित घेतात.

आकडे

गोळी सुरू झाल्यापासून चौदा महिन्यांनी पांढऱ्या पेशी एकवीस हजार झाल्या. पुढच्या महिन्यात सदतीस हजार.

डॉक्टरांनी दोन शक्यता सांगितल्या, पण त्यांना एकच खरी वाटत होती. त्या जनुकात आणखी बदल होऊन खाचेचा आकार बदलला असावा. मग गोळी तिथे बसत नाही. तसं असेल तर ही गोळी माझ्यासाठी कायमची संपली. दुसरी गोळी परदेशात चाचणीच्या टप्प्यावर होती, आपल्याकडे नव्हती. मज्जा बदलायची तर सख्ख्या भावंडाची जुळावी लागते. मी एकटाच. दुसरी शक्यता त्यांनी प्रश्नाच्या रूपात मांडली. गोळ्या चुकत तर नाहीत ना? मी नाही म्हणालो. मंगल शेजारी होती. ती खिडकीकडे बघत राहिली.

मज्जेचा नमुना पुन्हा घेतला. एक भाग खाचेच्या तपासणीसाठी मुंबईला गेला. निकालाला सहा आठवडे लागणार होते. दुसरा भाग रुग्णालयाला जोडलेल्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी द्याल का, असं डॉक्टरांनी विचारलं. त्याचा तुम्हाला फायदा होईलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. मी सही केली आणि एक अट घातली, काय करतात ते बघू द्यावं. सवय दुसरं काय.

प्रयोगशाळा

तिथे केतकी मॅडम होत्या. वय तिशीच्या आत. मामा माझ्यासोबत होते. आकडे वाढल्याचं कळल्यावर ते दौंडच्या शटलने पुण्याला आले होते. त्यांना बाहेर बसायला सांगितलं. पण त्यांनी चपला काढून दाराशी नीट ठेवलेल्या बघून मॅडमनीच त्यांना आत बोलावलं.

त्यांनी तळहाताएवढी प्लास्टिकची थाळी दाखवली. तिला बोटाच्या टोकाएवढे खळगे होते, आठ ओळी, प्रत्येकीत बारा. प्रत्येक खळग्यात माझ्या काही हजार पेशी. मॅडम एकेका खळग्यात एकेक वेगळं जनुक बंद करणार होत्या. पहिल्यात एक, दुसऱ्यात दुसरं, असं थाळीभर. मग वाट बघायची. बहुतेक खळग्यांत पेशी तशाच वाढत राहतात, म्हणजे त्या जनुकावाचून त्यांचं अडत नाही. एखाद्या खळग्यात त्या मरतात. मग कळतं की कर्करोग कशाच्या आधारावर उभा आहे. औषध त्याच जागी मारायचं.

मी वहीत लिहून घेत होतो. जनुक बंद करायचं म्हणजे काय, बंद झालं हे कसं कळतं, पेशी दुसऱ्या कारणाने मेली तर, असे प्रश्न विचारत होतो. मामा थाळीवर वाकून बघत होते. मग ते म्हणाले, "म्होरकी हुडकताय व्हय."

मॅडमना ते कळलं नाही. मामांनी समजावून सांगितलं. बाजारातून अनोळखी कळप आणला की त्यात म्होरकी मेंढी कोणती ते माहीत नसतं. सगळ्या सारख्याच दिसतात. मग कळप भीमेच्या उताराला न्यायचा. एक मेंढी पाय धरून मागे ठेवायची आणि बाकीच्यांना पाण्यात हाकायचं. गेल्या तर ती नव्हे. मग दुसरी धरायची. एक अशी निघते की ती धरली की सगळा कळप काठावर उभा राहतो.

मॅडम खुर्चीत बसल्या. "मामा," त्या म्हणाल्या, "हे मला शिकायला सहा वर्षं लागली."

"तुमची मेंढरं लई बारीक हायती," मामा म्हणाले. "आमचं दिसाला व्हतं."

मी नंतर पुष्कळ विचार केला. नदीकाठी पाय धरून ठेवणारा माणूस आणि या थाळीशी बसलेली बाई, दोघांनी एकच प्रश्न विचारायची एकच रीत शोधून काढली होती. एकाचा कळप डोळ्यांना दिसत होता. दुसरीचा सूक्ष्मदर्शकाखालीही जेमतेम. मी बत्तीस वर्षांपूर्वी त्या काठावर उभा होतो आणि आता मीच कळप होतो.

अकरावा दिवस

अकराव्या दिवशी मॅडमनी बोलावलं. मामाही सोबत आले. हा रिपोर्ट नव्हे, याच्यावर उपचार ठरणार नाहीत, असं त्यांनी आधीच सांगितलं. मग मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं.

पहिल्या खळग्यात माझ्या पेशी होत्या. गोल, चकचकीत, दाटीवाटीने. त्या मला मारत होत्या आणि दिसायला सुंदर होत्या. दुसऱ्यात तशाच. तिसऱ्यात तशाच. बरेच खळगे बघितल्यावर मॅडमनी थाळी सरकवली. त्या खळग्यात मोजक्या उरल्या होत्या, आक्रसलेल्या, कडा फाटलेल्या. तिथे नऊ आणि बावीसच्या सांध्यावरचं जनुक बंद केलं होतं. कळप अजून त्याच एका मेंढीवर उभा होता.

शेवटच्या ओळीत त्यांनी जनुक बंद केलं नव्हतं. तिथे माझीच गोळी विरघळवून टाकली होती. त्या ओळीतही पेशी मेल्या होत्या.

मॅडमना याचा उलगडा होत नव्हता. त्यांनी मला सरळ विचारलं, "थाळीत तुमची गोळी चालते. तुमच्या अंगात चालत नाही. थाळीत आणि तुमच्यात फरक काय?"

मला उत्तर माहीत होतं. माझ्या हातात पेन होतं. मी वहीकडे बघत राहिलो. दुसऱ्याला असा प्रश्न विचारून गप्प बसण्याचं काम मी वीस वर्षं केलं होतं. समोरचा माणूस नजर कुठे नेतो, ते मला ठाऊक होतं.

मामांनी विचारलं, "बाई, त्या थाळीत औषिद कवा कवा घालता?"

"रोज. ठरलेल्या वेळेला."

"खाडा पडला तर?"

"एक दिवस जरी चुकला तरी सगळं पहिल्यापासून करावं लागतं."

मामा थाळीपासून मागे सरले. मग म्हणाले, "खाडा म्या पाडला, बाई. आवस आली की आठ दिस. ह्याला म्याच सांगितलं व्हतं."

मी म्हणालो, "मामांनी एकदा सांगितलं. पाळलं मी, वर्षभर. आणि डॉक्टरांना खोटं सांगितलं." हे वाक्य बोलायला वर्ष लागलं. बोलून व्हायला तेवढाच एक श्वास लागला.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मामांना बसायला खुर्ची दिली. औषध लागू पडेनासं होतं ही भीती खरी आहे, त्या म्हणाल्या, आम्हालाही तीच आहे. फक्त त्या आठ दिवसांत विसावा औषधाला मिळत नाही, तो या पेशींना मिळतो. ज्या मरायच्या राहिल्या त्या तेवढ्यात वाढतात, आणि वाढताना खाच बदलायची संधी मिळते.

मामांनी विचारलं, "मंग बदलली का?"

ते या थाळीतून खात्रीने सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. एखादीच बदललेली पेशी असली तर ती इतक्यांत दिसायची नाही. मुंबईचा निकाल यावा लागेल.

त्याच दुपारी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी फाइल उघडली. जिथे जिथे 'नियमित घेतात' असं होतं तिथे रेघ मारून शेजारी खरी नोंद केली, प्रत्येक ठिकाणी, आणि तेवढा वेळ मला समोर उभं ठेवलं. मग म्हणाले, आज रात्रीपासून चार गोळ्या. घरी आल्यावर मी कॅमेऱ्याची पेटी मंगलपुढे उघडली. तिने गोळ्या कागदात बांधल्या, रुग्णालयात परत द्यायच्या म्हणून. मग रिपोर्टची फाइल काढून तारखेवार लावायला बसली.

मुंबईच्या निकालाला अजून महिना होता. तो महिनाभर मामा शिरूरलाच राहिले. रोज जेवण झालं की समोर बसायचे, माझ्या घशाखाली गोळी गेलेली बघायचे आणि उठायचे. बाकी फारसं बोलत नसत. डोळ्यांची सूज परत आली. मंगल त्यांना म्हणाली, मामा, जेवा तरी नीट. ते म्हणाले, "जेवतो की," आणि ताटात भाकरी तशीच ठेवली.

निकाल

खाच बदलली नव्हती. रिपोर्ट एका ओळीचा होता. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. काहीजण खाडे करूनही सुटतात, त्याला नियम नाही, तुम्ही सुटलात, असं ते म्हणाले. हे कौतुक नव्हतं. वाचणाऱ्यानेही ते तसं घेऊ नये. सुजेसाठी त्यांनी वेगळी गोळी दिली. ती आधी मागितली असती तर आधी मिळाली असती.

पेशी तीन महिन्यांत खाली आल्या. त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही. माझ्या पेशींचं प्रयोगशाळेत पुढे काय झालं, ते केतकी मॅडमना विचारलं. त्या तेराव्या दिवशी संपल्या. बाकीच्या खळग्यांतून मॅडमना आणखी दोन जनुकं संशयास्पद वाटली. त्यांच्यावर त्या काम करत आहेत. त्यातून औषध निघेल का? निघालं तर दहा-पंधरा वर्षांनी, कदाचित नाही, असं त्यांनी सांगितलं. मी ते जसंच्या तसं इथे लिहिलं आहे.

दीड वर्षानंतरच्या तपासणीत तो सांधा सापडला नाही. डॉक्टरांनी बजावलं, सापडला नाही याचा अर्थ नाही असा होत नाही, आपल्या तपासणीची नजर तिथवर पोचली नाही एवढाच होतो. त्या दिवशी मंगल होती, मामाही होते. मामांना मी सोप्या भाषेत सांगितलं. कळप गेला, एखादं मेंढरू झुडपाआड असेल, दिसत नाही. त्यांना ते पटलं. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं की ही गोळी अजून किती दिवस घ्यायची.

"जन्मभर," डॉक्टर म्हणाले. असं सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली जातो. लोकांना ते ऐकणं जड जातं.

मामा हसून माझ्याकडे वळले.

"ऐकलंस का," ते म्हणाले. "जल्म हाय म्हनत्यात."